दुनळी बंदूक दुसऱ्या राज्यात पार्सलने पाठवायची आहे : सुरक्षित आणि परवडणारा मार्ग कोणता?

प्रश्न : तबकडीनेमी

नमस्कार. मी ओहायोत राहतो, अमेरिकेचा नागरिक आहे आणि बरीच वर्षे मातीच्या उडत्या तबकड्यांवर नेमबाजी करत आलो आहे. खांद्याच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी आता हा खेळ थांबवायला सांगितले आहे. म्हणून माझी १२ बोअरची, एकावर एक नळ्या असलेली दुनळी बंदूक मी टेक्सासमधल्या एका जुन्या मित्राला विकायचे ठरवले आहे. एका खासगी कुरियर कंपनीच्या काउंटरवर मला स्पष्ट नकार मिळाला. टपालाने ती थेट मित्राच्या घरी पाठवता येईल का, आणि खर्च कमीत कमी कसा ठेवता येईल? खोक्यावर 'क्रीडासाहित्य' असे लिहावे, असा एक सल्लाही मिळाला आहे, पण तो मनाला पटत नाही. ही बंदूक मी फार जपली आहे, त्यामुळे चार पैसे वाचवण्याच्या नादात तिचे किंवा मित्राचे नुकसान व्हायला नको.

उत्तर १ : नियमपाहणी

मित्राच्या घरच्या पत्त्यावर कृपया पाठवू नका. १९६८ च्या संघीय शस्त्र नियंत्रण कायद्यानुसार, परवाना नसलेल्या व्यक्तीला दुसऱ्या राज्यातल्या, परवाना नसलेल्याच व्यक्तीकडे बंदूक थेट सोपवता येत नाही, मग ती विकलेली असो वा भेट दिलेली. पार्सल मित्राच्या राज्यातल्या संघीय परवानाधारक विक्रेत्याच्या नावे जायला हवे. मित्र त्या दुकानात जाऊन ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरेल, त्याची पार्श्वभूमी तपासली जाईल आणि त्यानंतरच विक्रेता बंदूक त्याच्या हाती देईल. यासाठी विक्रेता शुल्क घेतो आणि ते दुकानागणिक बदलते, म्हणून ते आधी विचारून घ्या. त्याच फोनवर दुसरेही विचारा : परवाना नसलेल्या माणसाने पाठवलेले पार्सल तो स्वीकारतो का? काही विक्रेते स्वीकारत नाहीत, आणि मग पार्सल परत फिरते. होकार मिळाला तर त्याच्या परवान्याची प्रत मागवून घ्या आणि खोक्यात तुमच्या ओळखपत्राची प्रत व मित्राचे नाव-फोन लिहिलेला कागद ठेवा.

टपाल खात्याच्या नियमांत लांब नळीच्या बंदुका, म्हणजे रायफल आणि शॉटगन, परवाना नसलेल्या माणसाकडूनही विक्रेत्याकडे पाठवता येतात. बंदूक रिकामी हवी, पार्सलला माग काढण्याची सोय हवी आणि घेणाऱ्याची स्वाक्षरी बंधनकारक हवी. (पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी १९२७ चा वेगळा कायदा आहे, पण तुमचा प्रश्न त्याबद्दल नाही.) मोठ्या खासगी कंपन्या आता मुख्यतः करार केलेल्या परवानाधारकांकडूनच बंदुका घेतात, म्हणून तुम्हाला काउंटरवरून परत यावे लागले. आतल्या वस्तूबद्दल खोक्यावर काहीही लिहू नका. आत काय आहे हे बाहेरून कळेल अशी कोणतीही खूण टपालाच्या नियमांना चालत नाही. मात्र खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने विचारलेच, तर खरे उत्तर द्या.

उत्तर २ : दस्ता-नळी

नियमांचे वर सांगून झालेच आहे, म्हणून मी फक्त खर्च आणि बांधणीबद्दल लिहितो. इथे पैसे खोक्याच्या लांबीत जातात. टपालात एक घनफुटाहून, म्हणजे १७२८ घनइंचांहून मोठ्या पार्सलचे वजन आकारावरून काढतात : घनइंचांना १६६ ने भागायचे आणि येणारे पौंड प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असतील तर त्यांवर आकार लावायचा. शिवाय २२ इंचांपेक्षा लांब पार्सलला जादा शुल्क लागते आणि ३० इंचांच्या पुढे ते आणखी वाढते. तुमची दुनळी जोडलेली ठेवली तर ४७ × ९ × ५ इंचांचे खोके लागेल. ते २११५ घनइंच भरते, म्हणजे भाड्यासाठी १३ पौंड. तीच बंदूक नळ्या आणि दस्ता वेगळे करून ठेवली, आणि नळ्या २६ इंची असतील, तर २९ × ९ × ५ चे खोके पुरते. ते १३०५ घनइंचांचे होते, प्रत्यक्ष वजनावरच भाडे लागते आणि ३० इंचांची मर्यादाही ओलांडली जात नाही.

आता बांधणी. माझ्या एका पार्सलमध्ये नळीचे तोंड पुठ्ठा फोडून बोटभर बाहेर आले होते, कारण मी दोन्ही टोकांना फक्त चुरगळलेला कागद कोंबला होता आणि प्रवासात तो दबून गेला. तेव्हापासून मी नळीच्या तोंडाला जाड फेसाचा तुकडा लावून त्यावर लाकडी फळीचा चौकोन बसवतो. नळ्या आणि दस्ता वेगवेगळ्या कापडात गुंडाळून मध्ये पुठ्ठ्याचा पडदा घालतो, म्हणजे लोखंड लाकडावर घासत नाही. खोके बंद केल्यावर हलवून पाहा. आत खडखड झाली तर पुन्हा उघडा. दोन्ही नळ्यांच्या कक्षा (काडतूस बसते त्या जागा) उघडून, बोट घालून, त्या रिकाम्या असल्याची खात्री करा. काडतुसे टपालाने पाठवता येतच नाहीत, म्हणून खिसे आणि पिशव्याही तपासा. टपाल खात्याच्या ग्राउंड ॲडव्हान्टेज या पार्सलसेवेत १०० डॉलरचा विमा असतो, पण तुमच्या बंदुकीला तो पुरणार नाही. विक्रीच्या रकमेइतका विमा घ्या आणि भागांची छायाचित्रे, अनुक्रमांकासह, जपून ठेवा.

उत्तर ३ : सीमेपलीकडे

एक गोष्ट कोणी विचारलेली नाही. आपला मित्र नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहे ना? एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्यांना बंदूक बाळगायला संघीय कायद्याने सर्वसाधारणपणे बंदी आहे. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना असणे हा त्यातला एक अपवाद आहे. आपल्या माणसांत हा तपशील अनेकदा सुटतो, आणि त्याचा फटका थेट इमिग्रेशनला बसू शकतो. ठाऊक असूनही अशा व्यक्तीला विकणाऱ्यालाही कायदा जबाबदार धरतो.

तबकडीनेमी (प्रश्नकर्ता)

तिघांचेही मनापासून आभार. मित्राला आत्ताच फोन केला. तो अजून एच-१बीवरच आहे आणि शिकार परवाना त्याने कधी काढलेला नाही. हे मला आधी माहीत नव्हते, आणि आम्हा दोघा मित्रांनाही तो प्रश्न सुचला नव्हता. त्यामुळे पैसे घेतलेले नाहीत आणि खोकेही बांधलेले नाही. तो आधी वकिलाशी बोलेल, मग परवान्याचे पाहील, आणि त्याच्या विक्रेत्याने कागद पाहून होकार दिल्यावरच मी २९ इंचांचे खोके शोधायला निघेन. तोवर दुनळी कुलपात राहील.