अनुभव धागा: माध्यमिक शाळेत धर्मांविषयी कसं शिकवावं?

आठवी ते दहावीला शिकवणाऱ्यांनी लिहा. वर्गात नेमकं काय करता, कुठे अडतं?

इतिहास शिक्षिका, नववी
'धर्म, संस्थापक, ग्रंथ, देव' हा तक्ता आधी फळ्यावरून पुसा. हिंदू धर्माला एक संस्थापक नाही. महावीर चोविसावे तीर्थंकर, मग त्यांना संस्थापक कसं म्हणायचं? जैन आणि बौद्ध विचारात सृष्टिकर्ता देव नाही. रकाने ओढूनताणून भरले जातात आणि मुलं तेच पाठ करतात. त्याऐवजी प्रश्न घ्या: मूल जन्मल्यावर काय करतात, लग्न कसं लावतात, माणूस गेल्यावर काय. उत्तरात 'कोण मानतं' हे आलंच पाहिजे. जैनांमधला श्वेतांबर आणि दिगंबर हा फरकसुद्धा. आणि वर्गातल्या एकुलत्या मुस्लिम किंवा ख्रिस्ती मुलाला 'तुमच्यात काय करतात, सांग' म्हणून कधीही उभं करू नका. त्याला ते ठाऊक असेलच असं नाही, आणि मधल्या सुट्टीत पोरं त्यालाच जाब विचारतात.

विज्ञान शिक्षक
भिंतीवरची जुनी कॅलेंडरं जपून ठेवा. रमजान ईद 2023 मध्ये 22 एप्रिलला, 2024 मध्ये 11 एप्रिलला, 2025 मध्ये 31 मार्चला. लक्ष्मीपूजन त्याच तीन वर्षांत 12 नोव्हेंबर, 1 नोव्हेंबर, 21 ऑक्टोबर असं मागे येतं आणि 2026 मध्ये एकदम 8 नोव्हेंबरला जातं, कारण त्या वर्षी अधिक ज्येष्ठ. तारखा मुलांना लिहू द्या, त्यामागचं कारणही त्यांनाच शोधू द्या. एका तासात होतं.

मुख्याध्यापक, अनुदानित शाळा
घटनेचं कलम 28 वाचून ठेवा. संपूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही; अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्यात बसवता येत नाही. धर्मांविषयीचा अभ्यास वेगळा, हे 2002 च्या अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. म्हणून त्या तासाला आरती, प्रार्थना, प्रसाद यांतलं काहीही नको.

सहलप्रमुख
मशिदीची भेट शुक्रवारी दुपारी ठेवू नका. देरासरात, म्हणजे जैन मंदिरात, चामड्याचे पट्टे, पाकिटं चालत नाहीत. ती आदल्या दिवशीच घरी ठेवायला सांगा. गुरुद्वारात प्रत्येकाला डोकं झाकायला रुमाल हवा. अग्यारीत पारशी नसलेल्यांना प्रवेश नाही, तेव्हा ती बाहेरूनच. पाळीत मुलींनी आत यावं का, हे शिक्षिकेने व्यवस्थापनाला आधी फोनवर विचारावं. वर्गात हा विषय काढू नये. वहीत एकच प्रश्न द्या: इथे पाणी कुठे ठेवलंय आणि कशासाठी? मशिदीतला हौद, चर्चच्या दाराशी पवित्र पाण्याचं भांडं, गुरुद्वाराबाहेर पाय धुण्याची जागा, सगळं मुलं आपणहून टिपतात.