मेसा व्हर्डे नॅशनल पार्क (कोलोराडो, अमेरिका) – क्लिफ पॅलेसचं तिकीट मिळतच नाहीये, मदत हवी आहे

सायली_पाटणकर:
तीन दिवस झाले, रिक्रिएशन डॉट गव्हवर (बुकिंगची सरकारी साइट) सकाळी आठच्या ठोक्याला लॅपटॉप उघडून बसतेय आणि सगळ्या टूर सोल्ड आउट! कड्याच्या कपारीतली ती प्वेब्लो या मूळ अमेरिकन लोकांच्या पूर्वजांची दगडी वस्ती आईबाबांना दाखवायचीच आहे. काय चुकतंय? प्लीज लवकर सांगा.

रानवाट:
कुठली तारीख? कुठून बुक करताय? आईबाबांची वयं काय?

दगडधोंडे:
मेसा व्हर्डे सोडा, न्यू मेक्सिकोतल्या चाको कॅन्यनला जा. तिथल्या प्वेब्लो बोनितो या जुन्या वास्तूत स्वतःच्या पावलांनी फिरता येतं, टूर नाही काही नाही. शेवटचे काही मैल कच्चा रस्ता आहे तेवढाच.

सायली_पाटणकर:
चाको नकोय, हॉटेल बुक झालंय. आम्ही कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतो.

रानवाट:
मग तिथेच घोळ आहे. तिकिटं १४ दिवस आधी सकाळी आठला उघडतात पण माउंटन टाइमने, म्हणजे तुमचे सात. तुम्ही रोज तासभर उशिरा पोचताय.

सायली_पाटणकर:
अरे देवा. उद्या सातला बसते. बाबांना शिड्या जमतील ना? गुडघ्याचं ऑपरेशन सहा महिन्यांपूर्वी झालंय.

रानवाट:
अहो हे आधी सांगायचं ना! क्लिफ पॅलेसला उंचसखल दगडी पायऱ्या उतरायच्या आणि परत वर येताना शिड्या. तिथल्याच दुसऱ्या वस्तीचं, बाल्कनी हाउसचं तर नावच नको, ३२ फुटी शिडी आणि पुढे रांगत जायचा बोगदा. बाबांना मेसा टॉप लूप या गाडीरस्त्यावरच्या सन पॉइंटवरून दाखवा, गाडीतून उतरलं की समोरच्या कड्यात अख्खा क्लिफ पॅलेस दिसतो. दुर्बीण न्या.

इतिहासवेडा:
कृपया या वस्त्या बांधणाऱ्यांना कुणी 'अनासाझी' म्हणू नका. तो नवाहो शब्द आहे, प्वेब्लो लोकांना आवडत नाही.

सायली_पाटणकर:
मी कुठे म्हटलं?

माती_आणि_चुना:
माझ्या मते आत कुणालाच सोडू नये. ॲरिझोनातल्या मोंटेझुमा कॅसल या अशाच कड्यातल्या वस्तीत १९५१ पासून लोकांना वर चढू देत नाहीत, खालून बघायचं. शेकडो वर्षांचा मातीचा गारा आहे तो. पूर्वी अशा भिंतींच्या डागडुजीला सिमेंट वापरलं, ते वाळूच्या दगडापेक्षा कडक, मग सांधा शाबूत आणि दगडच झिजतो. आपल्या किल्ल्यांवर हेच बघून जीव तुटतो.

इतिहासवेडा:
पटत नाही. रेंजरबरोबर गेलं तर काय बिघडतं? खरी लूट आधीच झाली. १८९१ साली नॉर्डेनशोल्ड या स्वीडिश संशोधकाने इथल्या वस्तू नेल्या त्या फिनलंडला पोचल्या, पूर्वजांचे अवशेष २०२० साली परत आले. होपी, झुनी अशा आजच्या प्वेब्लो लोकांसाठी ते आजही पूर्वजांचं घर आहे.

रानवाट:
मी जवळून पाहिलंय, गाऱ्यात बारीक दगडाच्या चिपा दाबून बसवल्यात आणि शेजारी बोटांचे ठसे. पण हात लावू नका, हाताच्या तेलकटपणानेही झीज होते. खापराचा तुकडा दिसला तरी उचलायचा नाही, गुन्हा आहे.

सायली_पाटणकर:
मिळाली!! माझं आणि आईचं. बाबा म्हणाले मी वर दुर्बीण घेऊन बसतो, तुम्ही खालून हात करा.