रक्तदाबाची पहिली गोळी वंश विचारून ठरवावी का?

सातारकर: ब्रिटनमध्ये उपचारांचे नियम ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेनुसार टाइप २ मधुमेह नसलेल्या, पंचावन्नच्या आतल्या रुग्णाला आधी एसीई इनहिबिटर किंवा एआरबी या रक्तदाबाच्या दोन औषधगटांतली गोळी देतात. घराणं कृष्णवर्णीय आफ्रिकी वा कॅरिबियन असेल तर मात्र कोणत्याही वयात अ‍ॅम्लोडिपिनसारखी गोळी. हा वंशाचा रकाना काढून टाकावा. संशोधक कूपर यांच्या १९९७ च्या पाहणीत पश्चिम आफ्रिकी मुळाच्या लोकांतलं उच्च रक्तदाबाचं प्रमाण पश्चिम आफ्रिकेत १६ टक्के, कॅरिबियनमध्ये २६ आणि अमेरिकेत ३३ निघालं. पूर्वज तेच, मग एवढा फरक जनुकांनी कसा पडेल? वजन आणि मीठ बघा.

मृणाल_औषधशास्त्र: रक्तदाब का वाढतो आणि कोणती गोळी लागू पडते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कृष्णवर्णीयांत रेनिन (रक्तदाब वाढवणाऱ्या साखळीची सुरुवात करणारं, मूत्रपिंडातून येणारं द्रव्य) कमी असलेले रुग्ण जास्त, आणि रेनिन कमी असलं की एसीई इनहिबिटर एकटा फारसा चालत नाही. २०१९ च्या ‘क्रिओल’ चाचणीत तर सगळे रुग्ण सहाराच्या दक्षिणेचे, अमेरिकी खाण्याचा संबंधच नाही. तिथेही अ‍ॅम्लोडिपिन असलेल्या दोन्ही जोड्या पेरिंडोप्रिल (एसीई इनहिबिटर) आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड (लघवी वाढवणारी गोळी) या जोडीपेक्षा सरस ठरल्या.

सातारकर: पण त्या चाचणीत तुलनेला दुसऱ्या वंशाचा गटच नव्हता! त्या रुग्णांना कोणती जोडी द्यावी एवढंच त्यातून कळतं, कारण वंश आहे हे नाही. कृष्णवर्णीयांत एसीई इनहिबिटर कमी चालतो याचा पुरावा म्हणून अमेरिकेतली ‘ऑलहॅट’ चाचणी (२००२) लोक हमखास पुढे करतात. तिच्यात लिसिनोप्रिल हा एसीई इनहिबिटर घेणाऱ्यांना लघवी वाढवणारी गोळी जोडायला मनाई होती, म्हणजे त्या औषधाचा नैसर्गिक जोडीदारच काढून घेतला. रेनिनच महत्त्वाचं असेल तर सरळ रेनिन मोजा.

मृणाल_औषधशास्त्र: मोजा, पण नीट. स्पायरोनोलॅक्टोन हे रक्तदाबाचं औषध चार आठवडे आधी बंद हवं. बीटा ब्लॉकर गटातल्या रक्तदाबाच्या गोळीने रेनिन खोटं कमी दिसतं, लघवीच्या गोळीने खोटं जास्त. नमुना बर्फात ठेवला की प्रोरेनिन (रेनिनचं निष्क्रिय रूप) सक्रिय होऊन आकडा फुगतो. गर्दीच्या ओपीडीत प्रत्येकाचं हे कसं जमणार?

नेफ्रो_वाचक: दोघांच्याही बोलण्यात ‘आफ्रिकी’ हा एकच गट झालाय, आणि मला तिथेच खटकतं. एपीओएल१ या जनुकाचे जी१, जी२ हे धोक्याचे प्रकार पश्चिम आफ्रिकेत भरपूर, इथिओपियात जवळजवळ नाहीतच. अशा प्रकाराच्या दोन प्रती (आई-वडिलांकडून एकेक) असल्या तर मूत्रपिंडाच्या आजाराचा धोका वाढतो आणि मूत्रपिंड बिघडलं की रक्तदाब चढतो. लागोसचा आणि अदिस अबाबाचा माणूस एका रकान्यात टाकून ही माहिती हरवते. निदान लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन तरी तपासा. ते वाढलेलं असेल तर वंश कोणताही असो, एसीई किंवा एआरबी हवंच. सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्तातलं पोटॅशियम आणि (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) क्रिएटिनिन बघायचं.

मृणाल_औषधशास्त्र: अल्ब्युमिनचं मान्य. अशा कृष्णवर्णीय रुग्णाला मी एआरबी देईन, कारण एसीई इनहिबिटरने ओठ-जीभ सुजण्याचा धोका त्यांच्यात जास्त आहे. हेही रकाना पुसून कळणार नाही.