बोलेरोमागे कॅराव्हॅन लावून शेगाव-लोणार-चिखलदरा: कायद्यात बसते का, अन् नेऊ कशी?

कापूसवाला_दारव्हा

नमस्कार मंडळी. दिवाळी झाली का आई-बाबांना घेऊन शेगाव, लोणार अन् जमलं तर चिखलदरा फिरून यायचं आहे. बाबांना शुगर आहे, तासा-दीड तासाला बाथरूमला जावंच लागते, आईचे गुडघे गेले, तिला खाली बसता येत नाही. अन् आपल्याकडे रस्त्यानं बाईमाणसाला जाता येईल असा स्वच्छ संडास शोधता शोधता दोन गावं मागं पडते. म्हणून छोटी कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायची चाकावरची खोली, आत झोपायला जागा अन् बाथरूम, बोलेरोमागे लावायचा विचार करून राहिलो. गावातला वेल्डिंगवाला म्हणते जुन्या ट्रॉलीच्या चेसिसवर पत्र्याची खोली बांधून देतो, स्वस्तात होते. दुसरी पुण्याकडची कंपनीमेड सेकंडहँड मिळून राहिली, आरसी आहे, प्लेटवर एकूण वजन 1200 किलो लिहिलं आहे. माझं लायसन एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटार गाडीचं. ट्रॅक्टर-ट्रॉली लहानपणापासून हाकतो पण बोलेरोमागे कधी काही जोडलं नाही. बोलेरो ओढेल का? पोलिसानं अडवलं तर काय काय दाखवायचं? आई-बाबा मागं झोपून आले तर चालते का?

नियमवाला_अमरावती

भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पहिले देतो कारण तेच सगळ्यात महत्त्वाचं. चालत्या कॅराव्हॅनमध्ये कोणीच बसायचं नाही, झोपायचं तर नाहीच. आत ना सीटबेल्ट ना काही, हूक सुटला तर आतल्या माणसाच्या हातात काहीच राहत नाही. आई-बाबा पुढं बोलेरोत, बेल्ट लावून. बाथरूमसाठी थांबा, मग मागं जाऊ द्या.

आता वेल्डिंगवाला. त्याचा नाद सोडा. ट्रेलर हे कायद्यानं वेगळं वाहन आहे, 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 61 प्रमाणे त्याची स्वतःची नोंदणी लागते. नोंदणीला विक्रीचा फॉर्म 21 अन् रस्त्यावर चालायला योग्य असल्याचा फॉर्म 22 लागते, अन् हे तोच बनवणारा देऊ शकते ज्याच्या मॉडेलची पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेत तपासणी होऊन मंजुरी मिळाली आहे. गावच्या वर्कशॉपचं काम कितीही मजबूत असलं तरी हा कागद त्याच्याकडे नसते. जुनी ट्रॉली नोंदलेली असली तरी शेतीच्या कामासाठी नोंदलेली, तिच्यावर खोली बांधली का आरसीवरचं वर्णन अन् समोरची वस्तू जुळत नाही, कलम 52 मध्ये असा बदल करायला मनाई आहे. अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिले हेच काढते.

म्हणजे पुण्याचीच घ्या. नाव ट्रान्सफरला फॉर्म 29 अन् 30, विकणाऱ्यानं 14 दिवसांत अन् घेणाऱ्यानं 30 दिवसांत कळवायचं. विमा दोघांचा पाहिजे, बोलेरोचाही अन् कॅराव्हॅनचाही. आपण ट्रेलर ओढणार हे बोलेरोच्या विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीत नोंदवून घ्या, तोंडी हो म्हणलेलं कामात येत नाही. लायसनची काळजी नको, एलएमव्हीची हद्द 7500 किलोपर्यंत आहे, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर 2024 मध्ये तेच कायम केलं.

अजून एक, जे निम्म्या लोकांना माहीतच नसते: ओढणाऱ्या गाडीचा नंबर कॅराव्हॅनच्या मागं लिहिलेला पाहिजे. तोही कलम 61 मध्येच आहे. मागून येणाऱ्याला बोलेरोची प्लेट दिसतच नाही ना.

फिटर_बडनेरा

ओढेल का हे सगळेच विचारते, भाऊ. थांबेल का ते विचारा. बोलेरोचं इंजिन दमदार आहे, 1200 किलो सपाटीवर सहज हलवते. पण उतारावर मागून 1200 किलो ढकलून राहिले तर एकट्या बोलेरोच्या ब्रेकचं ते काम नाही. घेतांना पहिले पाहा कॅराव्हॅनला स्वतःचे ब्रेक आहे का. बहुतेकीत ओव्हररन ब्रेक राहते: पुढची गाडी हळू झाली का मागची कपलिंगवर (हूकला जोडायच्या तोंडावर) दाबते अन् त्या दाबानं तिचेच ब्रेक लागते. सोबत एक बारीक वायर असते, हूक सुटला तर ती ओढल्या जाऊन ब्रेक आवळते. ती बोलेरोच्या चेसिसला अडकवायची, हूकच्या गोळ्याच्या (बॉलच्या) गळ्यात नाही. सेफ्टी चेन दोन, कपलिंगच्या खालून एकमेकीला क्रॉस करून. बोलेरो किती वजन ओढू शकते, ब्रेकवालं किती अन् बिनब्रेकचं किती, ते कंपनीच्या मॅन्युअलमध्ये पाहा नाहीतर शोरूमकडून लेखी घ्या. हूकही त्याच वजनाचा, चेसिसला बोल्ट केलेला. बंपरला वेल्ड केलेला मुळीच नाही.

आता तोल. बंडीत ओझं मागं भरलं का बंडी उलाळ होते, जू वर उचलते, तुम्हाला सांगायला नको. कॅराव्हॅनचं तसंच आहे, फक्त इथं ती 70 च्या स्पीडला उलाळ होते अन् मग शेपटासारखी डोलायला लागते. कपलिंगवर खाली दाब एकूण वजनाच्या 5 ते 10 टक्के पाहिजे, म्हणजे 1200 किलोवर 60 ते 120 किलो, अन् हूकवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत. मोजणं सोपं आहे, अडत्याच्या काट्यावर लाकडी ठोकळा उभा करा अन् कपलिंग त्यावर टेकवा. पूर्ण वजन जिनिंगच्या धरमकाट्यावर करून घ्या, सामान भरून, कारण पाण्याची 100 लिटरची टाकी म्हणजे 100 किलो अन् ते कोणी धरतच नाही. जड सामान खाली, चाकाच्या वर किंवा जरासं पुढं. मागच्या कपाटात गाद्या-कपडे.

डोलायला लागलीच तर जोरात ब्रेक मारू नका, स्पीडही वाढवू नका, स्टेअरिंग उलटसुलट फिरवू नका. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूच उचला, स्टेअरिंग सरळ धरा, ती आपोआप शांत होते. अन् मग थांबून पाहा, काहीतरी मागं सरकलेलं असते.

टायर. कॅराव्हॅनचे टायर झिजत नाही, उभ्या उभ्या वाळते. नक्षी नवीन दिसेल पण साइडवॉलवर बारीक भेगा असते. टायरवर छापलेल्या डॉट (DOT) कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, 3219 म्हणजे 2019 चा 32 वा आठवडा. असे जुने टायर पहिलेच बदला. चाकाचे नट 50 किलोमीटरवर परत आवळा. प्रत्येक थांब्यावर हाताची मागची बाजू चाकाच्या हबजवळ न्या: कोमट ठीक, चटका बसत असेल अन् दुसरं चाक थंड असेल तर त्या बेअरिंगचं ग्रीस संपलं नाहीतर ब्रेक अडकून राहिला. तिथंच थांबा, पुढचं गाव गाठू म्हणू नका.

आर्वीची_ताई

दादा, आमचा रस्ताही हाच म्हणून रस्त्याबद्दल सांगते. दिवाळीनंतर कापसाच्या ट्रॉल्या सुरू होते, बोजा दोन्ही बाजूनं बाहेर, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा. तुमच्या कॅराव्हॅनलाही मागं लाल, बाजूनं पिवळी अन् पुढं पांढरी रिफ्लेक्टर पट्टी लावा. इंडिकेटर-ब्रेकलाइट जोडल्यावर बाबांना मागं उभं करून एकेक तपासा. अन् आरसे लांब दांडीचे बसवा, बोलेरोच्या आरशात कॅराव्हॅनच दिसेल.

काळ्या मातीमुळे आपले रोड जागोजागी दबते अन् लाटा तयार होते. कारमध्ये नुसता हिंदोळा वाटते, मागची मात्र उसळते. दुसरं म्हणजे साइडपट्टी. नवीन डांबर टाकलं का रोडची कड वीतभर उंच होते, समोरून ट्रक आला का आपण डाव्या बाजूला उतरतो, कॅराव्हॅन बोलेरोपेक्षा रुंद असली तर तिचं चाक आधी खाली जाते. झटक्यात वर चढवू नका. स्पीड पार कमी करून, सपाट जागा पाहून चढवा.

समृद्धी महामार्गावर कारंजा लाडवरून चढून मेहकरला उतरलं का लोणार जवळ पडते. पण कारला 120 ची परवानगी आहे म्हणून तुम्ही ती वापरायची नाही, 70-80 पुरे. सिमेंटचा रोड दुपारी तापते, टायरची हवा सकाळी थंड असतांनाच भरा.

चिखलदऱ्यासाठी माझं ऐका, कॅराव्हॅन परतवाड्यात लॉजच्या आवारात ठेवा अन् वर नुसती बोलेरो न्या. घाटात वळणं आवळ आहे, समोरून एसटी आली तर तुम्हाला मागं घ्यावं लागेल. मेळघाटात रस्त्याच्या कडेला मुक्काम करायचा नाही, तो व्याघ्र प्रकल्प आहे. लोणारला एमटीडीसीचं (राज्याच्या पर्यटन महामंडळाचं) निवास आहे, गाडी आवारात लावता येईल का ते आधी फोन करून विचारा. अन् निघतांना गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, चालत्या गाडीत फ्रिजसाठीही सुरू ठेवायचा नाही.

कापूसवाला_दारव्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. वेल्डिंगवाल्याला आजच नाही सांगतो. ताई, परतवाड्याचं पटलं, आईलाही घाटात मळमळ होते. फिटरभाऊ, रिव्हर्सचं काय? ट्रॉली मागं घेता येते मला, मग हीही येईल ना?

फिटर_बडनेरा

येईल, पण जोडापासून चाकापर्यंतचं अंतर कमी असलं का ती ट्रॉलीपेक्षा लवकर वळते, लवकर घडी पडते, म्हणजे कॅराव्हॅन वळून बोलेरोला भिडते. स्टेअरिंग खालून धरा, कॅराव्हॅनची शेपटी ज्या बाजूला न्यायची त्याच बाजूला हात हलवा, थोडं थोडं. घडी पडायला लागली का लगेच थांबा, पुढं घेऊन सरळ करा, मग परत. तूर निघाल्यावर वावर मोकळं होते तेव्हाची वाट पाहू नका, खळ्यावर दोन विटा ठेवून आत्ताच सराव करा. आई-बाबांना बसवायच्या आधी एक फेरी रिकामी, एक फेरी पूर्ण सामान भरून यवतमाळपर्यंत मारून या, भरलेली कॅराव्हॅन वेगळीच चालते.