विचिकिच्छा, शंका, संशय: बाबांच्या मनात होतं त्याला काय म्हणायचं?

बाबांना जाऊन चौदा महिने झाले. एक शब्द मात्र तेव्हापासून अडून बसला आहे, म्हणून इथे विचारते.

आमच्या घरी रोज संध्याकाळी वंदना होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबा सात वर्षांचे होते आणि आजोबांच्या खांद्यावर बसून त्यांनी नागपूरच्या दीक्षाभूमीवरची ती गर्दी पाहिली होती. तेव्हापासून त्रिसरण-पंचशील कधी चुकलं नाही. शेवटच्या वर्षी आजार हाडात उतरला, रात्रीची झोप गेली. अशाच एका संध्याकाळी धम्मवंदना म्हणताना ते ‘एहिपस्सिको’पाशी थांबले. पुढचं म्हणेचनात. मग म्हणाले, “ये अन् पाह्य म्हणते ना? इतकी वर्षं पाहूनच राहिलो पोरी. मले काही दिसून नाही राहिलं.”

भेटायला आलेले काका बाहेर ओसरीवर हळूच म्हणाले, “दादाची श्रद्धा ढळली.” मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. ज्याची श्रद्धा ढळली तो माणूस रोज सहाच्या ठोक्याला मेणबत्ती लावा म्हणून आईच्या मागे लागत नाही.

मग त्या अवस्थेला म्हणायचं काय?

‘शंका’ म्हणावं तर तो शब्द फार हलका. शंका आपण विचारतो, कोणीतरी तिचं निरसन करतं, विषय संपतो. संस्कृतात या शब्दाच्या मुळाशी भीती आहे आणि तेवढ्यापुरता तो बाबांना लागू पडतो, पण आजच्या मराठीत ती भीती उरलेली नाही. ‘संशय’ तर नकोच. शंका विचारतात, संशय घेतात. संशय घ्यायला समोर कोणीतरी लागतं. पोलिसांच्या बातमीतला ‘संशयित’ आणि संसारातलं ‘संशयाचं भूत’ यांनी तो शब्द पार काळवंडून टाकला आहे. त्यात गीतेतल्या चौथ्या अध्यायातलं ‘संशयात्मा विनश्यति’ इतकं कानावर पडलेलं असतं की संशय म्हटला की माणूस आधीच दोषी ठरतो. ‘संदेह’ पुस्तकात राहतो. घरात कोणी ‘मला संदेह आहे’ असं म्हणत नाही.

पालीत ‘विचिकिच्छा’ आहे, मनाला अडवणाऱ्या पाच नीवरणांतलं शेवटचं. मराठी पुस्तकांत त्याचं ‘विचिकित्सा’ किंवा सरळ ‘संशय’ केलेलं दिसतं. तुम्ही काय म्हणता? त्यातही घरात काय म्हणता, ते कळलं तर जास्त बरं.

प्रतिसाद: पालीचा विद्यार्थी

ताई, विचिकिच्छा हा शब्द नीट उलगडून पाहण्यासारखा आहे. त्यातलं ‘चिकित्सा’ आपल्या ओळखीचं. मूळ धातू चित्, म्हणजे जाणणं, लक्षात येणं. त्याचं इच्छार्थक रूप चिकित्सा: जाणून घ्यायची इच्छा. त्यातूनच रोगाकडे लक्ष देणं, उपचार करणं हा अर्थ आला. मराठीने दोन्ही अर्थ सांभाळले आहेत. डॉक्टर चिकित्सा करतो आणि धर्माचीही चिकित्सा होते. चित्त आणि चेतना हे शब्दही याच धातूचे. म्हणजे ज्या मुळातून जाणीव आली, त्याच मुळातून हा संशयही आला आहे.

जुने पाली भाष्यकार बुद्धघोष यांनी ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात मात्र वेगळी फोड केली: ‘विगता चिकिच्छा ति विचिकिच्छा’. चिकित्सा जिथून निघून गेली ती विचिकिच्छा, जिच्यावर उपाय चालत नाही ती. व्युत्पत्ती म्हणून ही ताणलेली आहे, पण ज्याला रात्रभर झोप नाही त्याला ती खरी वाटेल.

नीवरण म्हणजे अडसर, म्हणून विचिकिच्छा वाईटच, असंही समजू नका. केसपुत्त गावचे कालाम बुद्धांकडे आले आणि म्हणाले, येणारा प्रत्येक श्रमण आपलंच खरं म्हणतो, दुसऱ्याचं तोडतो. आम्ही कोणाचं मानावं? तेव्हा बुद्धांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते हे: ‘अलं हि वो, कालामा, कङ्खितुं अलं विचिकिच्छितुं’. कालामांनो, तुम्हाला शंका येणं रास्त आहे, विचिकित्सा होणं रास्त आहे. शब्द तोच, जो दुसरीकडे अडसर म्हणून मोजला आहे. तुमच्या काकांना हे वाक्य जरूर ऐकवा.

प्रतिसाद: निवृत्त परिचारिका, मेडिकल चौकाजवळ राहते

मला पाली येत नाही. चौतीस वर्षं वॉर्डात काढली, त्यावरून सांगते. आम्ही पेशंटला “कुठे दुखतं?” असं विचारायचो. “दुःख कुठे आहे?” असं कधी कोणी विचारत नाही. मराठीत दुखतं ते अंगाला आणि दुःख होतं ते मनाला. दुखणं, दुखणाईत, दुखरा हे सगळं शरीराकडे गेलं. दुखावला आणि दुखवटा मनाकडे. वंदनेतल्या दुक्खात दोन्ही एकत्र आहेत ना? मग “जीवन दुःखमय आहे” असं मराठीत वाचलं की माणसाला वाटतं, रडत बसायला सांगितलंय. तुमच्या बाबांना तर मुळात दुखत होतं.

प्रतिसाद: पालीचा विद्यार्थी

मावशी, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. संयुत्त निकायात, म्हणजे बुद्धवचनांच्या एका पाली संग्रहात, दोन बाणांची उपमा आहे. शरीराला वेदना झाली हा पहिला बाण. मग माणूस शोक करतो, छाती पिटतो, हे माझ्याच वाट्याला का म्हणून तळमळतो, तो दुसरा. ज्याला धम्म कळला त्यालाही पहिला बाण लागतोच, दुसरा लागत नाही. बाणाला तिथे शब्द आहे ‘सल्ल’, संस्कृतात शल्य, आणि मराठीत त्याचंच ‘सल’ झालं. ‘मनात सल राहिली’ असं आपण रोज म्हणतो. तेव्हा ‘दुखणं’ आणि ‘सल’ ही जोडी त्या दोन बाणांना जितकी चपखल बसते तितकं कुठलंही भाषांतर बसलेलं मी पाहिलं नाही.

प्रतिसाद: इंदोऱ्यातले एक काका

एक सांगावंसं वाटतं, राग मानू नये. दुःख म्हणजे फक्त आतली सल, असं करून टाकू नका. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ १९५७ साली, बाबासाहेबांच्या पश्चात आला. त्याची सुरुवातच प्रश्नांनी होते. चार आर्यसत्यांबद्दल तिथे त्यांनी सरळ विचारलं आहे की, जन्म दुःख, मरण दुःख, पुनर्जन्म दुःख, सगळंच दुःख असेल तर माणसाला आशा कुठली? ही सत्यं बुद्धांच्या मूळ शिकवणीतलीच का, असंही विचारलं आहे. ज्यांनी आपल्याला दीक्षा दिली त्यांनी ग्रंथाच्या दारातच शंका ठेवली. म्हणून दादांना शंका आली यात धम्माबाहेरचं काहीच नाही. पण पाणवठ्यावरून हाकललं गेलं ते दुःखही दुःखच होतं. ते डोळे मिटून श्वास पाहिल्याने गेलं नाही, ते हलवावं लागलं.

प्रतिसाद: धागाकर्ती

काका, राग कसला. आजोबा दीक्षाभूमीवर गेले ते यासाठीच. बाबांना खांद्यावर घेऊन गेले तेही यासाठीच. तुमचं वाक्य आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, दोन्ही पाहिजे.

प्रतिसाद: महालातली, घरी वारकरी परंपरा

माझा अडखळा वेगळा आहे. अष्टांगिक मार्गातल्या ‘सम्मा सति’चं आपण सम्यक स्मृती करतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, पाठांतराबद्दल चाललंय. नुसतं ‘सती’ म्हणायची तर सोय नाही, त्या शब्दाला मराठीत भलताच इतिहास चिकटला आहे. ‘सजगता’ नवा आणि बरा, पण माझी आई तो बोलत नाही. आई म्हणते, “ध्यानात ठेव”, “माह्या ध्यानातच नाही राहिलं”. त्यात आठवणही आहे आणि लक्षही, जसं सतिमध्ये आहे. अडचण एवढीच की पालीत झान, म्हणजे ध्यान, हे वेगळं आहे आणि ते मार्गातल्या पुढच्या अंगात, सम्मा समाधीत, मोजतात.

‘भान’ घेतलं तर आणखी गंमत. आमच्या भजनात देहभान विसरणं ही परमावधी. टाळ वाजायला लागला की अंगाची शुद्ध राहू नये. विपश्यनेला जाऊन आलेली माझी मैत्रीण सांगते की तिथे दहा दिवस देहाचंच भान राखायचं, टाचेपासून टाळूपर्यंत. शब्द एक, दिशा उलट. मला स्वतःला ‘अवधान’ जवळचा वाटतो. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय ‘तरी अवधान एकलें दीजे, मग सर्वसुखासि पात्र होईजे’ असा सुरू होतो. माउली तिथे श्रोत्यांकडे फक्त अवधान मागतात. सावध हा शब्दही त्यातलाच, स-अवधान. आज मात्र आपण फक्त धोक्यापासून सावध राहतो.

प्रतिसाद: नाव नको

आमची आजी निरक्षर होती. वंदनेतलं शेवटचं ‘पच्चत्तं वेदितब्बो’ ती ‘पचतं वेदितब्बो’ असं म्हणायची. अर्थ विचारला तर सांगायची, “ज्याचं त्याले पचते, दुसऱ्यानं खाऊन चालत नाही.”

प्रतिसाद: धागाकर्ती

ही आजी मला फार आवडली.

खरं तर विचारताना एक गोष्ट सांगायची राहिली होती, आता सांगते. त्या संध्याकाळनंतर बाबांनी वंदना म्हणणं सोडलं नाही. ‘एहिपस्सिको’पाशी मात्र रोज थोडं थांबायचे. मी काही शिकवण्याच्या भानगडीत पडले नाही. नुसती बाजूला बसून विचारायची, आता कुठे आहे? ते सांगायचे: कमरेत आहे. आता मांडीत उतरलं. आता ठणकते. आता जरा कमी. आधी ते उत्तर द्यायचे म्हणून द्यायचे. पुढे पुढे मी न विचारताच ते सांगायला लागले. औषधाने नाही तितकं त्याने दुखणं कमी झालं, असं मी म्हणणार नाही. दुखायचंच. पण “मलेच काऊन?” हे त्यांनी विचारायचं सोडलं. मावशींनी दुखणं म्हटलं आणि वर सल म्हटली, ते वाचताना मला हेच आठवत होतं.

जायच्या आदल्या आठवड्यात त्यांना विचारलं, बाबा, आता काही दिसतं का? बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “दुखून राहिलं, अन् मले समजून राहिलं, एवढं पक्कं आहे. बाकीचं मी नाही सांगत.”

त्यांनी ‘खात्री’ म्हटलं नाही. खात्री आपण दुसऱ्याकडून करून घेतो, दुसऱ्याला देतो. दुकानदारही देतो. ‘निश्चय’ म्हटलं नाही, तो पुढच्या कामाचा असतो. ‘पक्कं’ म्हणाले. आपल्याकडे हा शब्द रोजचा. पक्का रस्ता, पक्कं घर, येणं पक्कं आहे का. म्हणून मी तेव्हा त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

प्रतिसाद: पालीचा विद्यार्थी

ताई, पक्का हा पक्व पासून आला, म्हणजे शिजलेलं, पिकलेलं. धातू पच्. वर आजींनी म्हटलेलं ‘पचतं’ त्याच धातूचं. ‘पच्चत्तं’ मात्र वेगळं, प्रति आणि आत्मन् मिळून झालेलं, म्हणजे ज्याने त्याने स्वतः, त्याचा पचण्याशी काही संबंध नाही. व्याकरणाच्या परीक्षेत आजींना गुण मिळणार नाहीत. तरी तुमचे बाबा आणि त्या आजी एकाच शब्दापाशी कसे पोचले, याचा विचार मी कालपासून करतो आहे.

प्रतिसाद: धागाकर्ती

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, संध्याकाळी वंदनेला ये, मेणबत्त्या संपल्यात, येताना घेऊन ये.