हॅरो कौन्सिलचा निकाल: मी एकच फुली मारली, मत बाद झालं का?

पक्या_हॅरोवाला
मंडळी, जरा मदत करा. ५ मे २०२२ ला इकडे लंडनमधल्या हॅरोत कौन्सिलसाठी (म्हणजे इथली महापालिका) पहिल्यांदाच मतदान केलं, इंडियन पासपोर्टवर चालतं हे ऑफिसातल्या एकाने सांगितलं तेव्हा आधी खरंच वाटलं नव्हतं. पोलिंग स्टेशनवर ना पोलीस, ना बोटाला शाई, ओळखपत्रसुद्धा मागितलं नाही, नाव पत्ता सांगितला की हातात कागद आणि आत दोरीला बांधलेली पेन्सिल! कागदावर लिहिलेलं की ३ पर्यंत उमेदवारांना मत देता येईल, मी घाईत वाचलंच नाही, एक फुली मारली, घडी घातली, टाकला पेटीत. बायकोने बरोब्बर तीन मारल्या आणि तेव्हापासून ऐकवतेय की तुझं मत बाद झालं. खरं का? दुसरं म्हणजे वॉर्डातल्या सगळ्या उमेदवारांच्या मतांची बेरीज केली तर मतदानाला आले त्यांच्या जवळपास अडीचपट येते. हे काय गौडबंगाल? आणि टीव्हीवर सगळीकडे लेबर (मजूर पक्ष) जिंकल्याचं चाललंय, मग आपल्याकडे उलटं, कन्झर्व्हेटिव्ह (हुजूर पक्ष) कसे आले?

वेम्बलीची_मावशी
अरे पक्या, नाही झालं बाद. तीन 'पर्यंत' लिहिलेलं असतं ना. चार मारल्या असत्यास तर गेला असता कागद. तुझं एक मत मोजलं गेलं, उरलेली दोन तू वापरलीच नाहीस एवढंच. काही लोक तर मुद्दाम एकच मारतात, म्हणजे आपल्याच दुसऱ्या मताने आपला माणूस मागे पडायला नको.
बेरजेचं पण तेच. समजा ३००० माणसं आली, तर ९००० पर्यंत मतं पडू शकतात, पण टर्नआउट, म्हणजे किती जण मतदानाला आले ते, मोजतात कागदांवर. आपल्या पुण्यात प्रभागात अ ब क ड अशी प्रत्येक जागेची वेगळी लढत असते, इथे तसं नाही, सगळे एकाच यादीत आणि वरचे तिघं निवडून. त्यामुळे एखाद्या पक्षाला चाळीसेक टक्केच मतं असली तरी तिन्ही जागा त्यांनाच, असं सर्रास होतं.

मोजणीवाला
मावशींना अनुमोदन. मी एकदा दुसऱ्या बरोत (लंडनच्या दुसऱ्या कौन्सिलच्या हद्दीत) उमेदवारातर्फे काउंटिंग एजंट होतो, म्हणजे टेबलाच्या अलीकडे उभं राहून नुसतं बघायचं, कागदाला हात लावायचा नाही. आधी पेटीतले कागद नुसते मोजतात, पोलिंग स्टेशनच्या हिशोबाशी जुळले की मग पुढे. तिन्ही फुल्या एकाच पक्षाला असलेले कागद पटापट वेगळे निघतात, त्यांचे गठ्ठे. खरा वेळ खातात ते खिचडी कागद, एक इकडे दोन तिकडे, किंवा आमच्या पक्यासारखे एकफुलीवाले. त्यातली एकेक फुली मोठ्या तक्त्यावर टिपत बसावं लागतं, रात्री दोन वाजता ते बघताना डोळे तारवटतात राव.
अजून एक गंमत, यादी आडनावाच्या अक्षराने लावतात आणि लोक वरून खाली येत फुल्या मारतात, त्यामुळे एकाच पक्षाच्या तिघांत वरच्या नावाला थोडी जास्त मतं पडलेली बरेचदा दिसतात. म्हणजे कुणी वाघमारे उभे राहिले तर बिचारे तळाला 😄
अगदी समसमान मतं पडली तर रिटर्निंग ऑफिसर चिठ्ठी काढतो, हे खरंखुरं कायद्यात आहे. आणि डिपॉझिट जप्त वगैरे विसरा, इथे कौन्सिलला डिपॉझिटच नसतं, ते पार्लमेंटला, ५०० पौंड.

आकडेमोड
उलटं कसं झालं त्याबद्दल. २०१८ ला लेबर ३५ आणि कन्झर्व्हेटिव्ह २८ होते, आता २०२२ ला कन्झर्व्हेटिव्ह ३१ आणि लेबर २४. पण कन्झर्व्हेटिव्हांचे नुसतं २८ चे ३१ बघू नका, वॉर्डांच्या हद्दी बदलल्यात आणि एकूण जागाच ६३ वरून ५५ वर आल्यात. म्हणजे ४४ टक्क्यांवरून ५६ टक्के, ही चांगलीच मोठी उडी आहे.
बाकी लंडनात त्याच दिवशी कन्झर्व्हेटिव्हांची वाट लागली. वेस्टमिन्स्टर कौन्सिल १९६४ पासून कधी गेलं नव्हतं, वॉन्ड्सवर्थ १९७८ पासून त्यांचंच होतं, दोन्ही गेली, बार्नेट पण गेलं. पार्टीगेट (लॉकडाऊनमध्ये सरकारी ऑफिसात झालेल्या पार्ट्यांचं प्रकरण), महागाई, सगळ्याचा राग. पण क्रॉयडनला मेयर कन्झर्व्हेटिव्ह आला, कारण तिथे २०२० मध्ये लेबरच्या हातात कौन्सिलचं दिवाळं निघालं होतं, ते लोक कशाला विसरतील. थोडक्यात राष्ट्रीय वारं एकीकडे आणि गल्लीतलं गणित भलतीकडे.
व्हॉट्सॲपवर 'आपल्या लोकांनी जिंकवलं' असं फिरतंय, त्यावर मी तरी विसंबणार नाही. मतपत्रिकेवर कुणाची जात धर्म लिहिलेला नसतो.

वेम्बलीची_मावशी
बरोबर बोललास. आणि पक्या, आता कौन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी म्हण) कमी होईल असं समजून बसू नकोस हं. यंदाचं बिल आधीच्या कौन्सिलने मार्चच्या आधीच ठरवून ठेवलंय, वर्षभर तेच. त्यातला एक हिस्सा लंडनच्या मेयरकडे जातो. ट्यूब (भुयारी रेल्वे), बस, पोलीस हे कौन्सिलकडे नाहीच. कचऱ्याचे बिन, पार्किंग, प्लॅनिंग, लायब्ररी यांच्यासाठी नगरसेवकाला ईमेल टाक. आणि पुढच्या वेळी फोटो आयडी लागणार, कायदा गेल्याच महिन्यात, एप्रिल २०२२ मध्ये, पास झालाय.

पक्या_हॅरोवाला
धन्यवाद सगळ्यांना. हा धागा बायकोला वाचून दाखवला. म्हणाली, बाद नाही झालं ते ठीक, पण दोन मतं फुकट घालवलीस ती घालवलीसच. आता पुढच्या कौन्सिल निवडणुकीपर्यंत, म्हणजे २०२६ पर्यंत, हेच ऐकायचंय.