पॉलिटिकल सायन्स झालं, आता पुढं काय?

(बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका सोसायटीचा ग्रुप, रविवार सकाळ)

बी-२०२ वहिनी: नमस्कार. आज पाण्याचं नाही, वेगळं विचारायचं आहे. धाकटीचा सहाव्या सेमचा रिझल्ट लागला. बी.ए., पॉलिटिकल सायन्स, फर्स्ट क्लास. पुढं काय करावं यावरून घरात दोन दिवस धुसफूस चाललीय. कुणाला माहिती असेल तर सांगा की.

सेक्रेटरी काका: अभिनंदन! पुढच्या वेळी वॉर्डात तिलाच उभी करूया. आणि पेढे नकोत, कुंदा पाहिजे.

बी-२०२ वहिनी: काका, सगळे हेच म्हणतात म्हणून तर ती चिडते.

ए-१०४ दादा: बी.एड. करू दे. एकदा शाळेत चिकटली की निवांत.

सर (ए-१): निवांत कुठलं रे? बी.एड.ला दोन वर्षं, मग टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग भरतीची वाट बघणं. शिकवायची आवड असेल तर जरूर करावं, पण दुसरं काही सुचत नाही म्हणून नको. ३० वर्षं हाच विषय शिकवला, म्हणून जरा लांबण लावतो.
आपल्याकडं विषयाच्या आधी सीमा आडवी येते. आधी हे ठरवा, नोकरी कुठल्या बाजूला करायची? कर्नाटकात म्हटलं तर केपीएससी, म्हणजे तिथला लोकसेवा आयोग. केएएसच्या (कर्नाटक प्रशासकीय सेवेच्या) मेन्सला कन्नड आणि इंग्रजी पात्रतेचे पेपर असतात, बाकीचे पेपर कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत लिहायचे. मराठीची सोय नाही. महाराष्ट्रात म्हटलं तर एमपीएससी. तिथं सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना अर्ज करता येतो, आपलं बेळगाव त्यात आहेच. त्यासाठी १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, तो जाहिरातीतल्या नमुन्यातच हवा. पोरं अभ्यास वर्षभर करतात आणि दाखल्याला शेवटच्या आठवड्यात धावतात. ते उलटं करा.

सी-३०१ भाऊ: सरांचं कन्नडचं एकदम खरं. मी दोन वर्षं एफडीएची, म्हणजे कर्नाटक सरकारी कार्यालयातल्या कारकुनीची तयारी केली. जीएस (सामान्य अध्ययन) बरं गेलं होतं, सक्तीच्या कन्नडात उडालो. बोलता येतं हो, रविवार पेठेत घासाघीस करण्याइतपत. पण लिहायला बसलो की वत्तक्षराला हात अडायचा. आपलं जोडाक्षर शेजारी-शेजारी बसतं, त्यांचं दुसरं अक्षर खाली लोंबतं. 'अण्णा' लिहिताना खालचा 'ण' विसरला की झाला 'अणा'. असे किती 'अणा' लिहिले असतील! आता दुकान बघालोय, तक्रार नाही. पण पोरीला आत्ताच सांगा.

ए-१०४ दादा: मग सरळ यूपीएससीच करावी. तिथं ही भानगडच नाही.

पुण्याचा (बी-१०१ चा मुलगा): दादा, सदाशिव पेठेत तीन वर्षं काढली आहेत, म्हणून बोलतो. पॉलिटिकल सायन्सवाल्यांना फायदा आहे, नाही असं नाही. पीएसआयआर (राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध) ऑप्शनल घेतलं की २५०-२५० चे दोन पेपर, आणि जीएस दोनमधली घटना, कारभार, परराष्ट्र धोरण हे बरंचसं त्यातच येतं. उत्तरं मराठीत लिहिता येतात, भाषेचा पात्रता पेपरही मराठी घेता येतो, ३०० पैकी २५ टक्के पुरतात. एमपीएससीची राज्यसेवा मेन्सही आता त्याच धर्तीवर वर्णनात्मक झाली, म्हणजे एका अभ्यासात दोन परीक्षा. पण ओपनला सहाच अटेम्प्ट आणि वय ३२ पर्यंत. त्यातले तीन मी 'बघू या जमतंय का' म्हणून घालवले. रूमचं भाडं बाबांनी भरलं. हाताशी दुसरी डिग्री ठेवूनच या वाटेला जावं.

वकील काकू (सी-२०२): मग लॉ का नाही? तीन वर्षांचं एलएलबी, ओपनला ४५ टक्के पुरतात. गावातच आर. एल. लॉ कॉलेज आहे, १९३९ सालचं. राज्यशास्त्राच्या मुलांना घटना पहिल्या दिवसापासून ओळखीची असते. सिव्हिल प्रोसिजर मात्र सगळ्यांना सारखंच रडवतं. आणि बघा, कलम १३१, म्हणजे राज्याराज्यांतले वाद थेट सुप्रीम कोर्टात नेण्याचं कलम, हे बेळगावच्या पोराला निराळं शिकवावं लागत नाही. आपला सीमेचा दावा २००४ पासून त्याच कलमाखाली सुप्रीम कोर्टात आहे.

सी-१०३: तो दावा आपणच जिंकणार बघा!! या वेळी तर...

सेक्रेटरी काका: ओ सी-१०३, ग्रुपवर राजकारण नको. नियम आहे.

सर (ए-१): अहो सेक्रेटरी, अख्खी चर्चा पॉलिटिकल सायन्सवर आणि राजकारण नको? १९२४ ला गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव काँग्रेस अधिवेशन आपल्या या टिळकवाडीत झालं. तुम्ही रोज काँग्रेस रोडवरून स्कूटर नेता ती उगीच?

सेक्रेटरी काका: सर, तुम्हाला सूट.

बी-२०२ वहिनी: तिच्याच हातात फोन देते. मघापासून मागून वाचालीय.

बी-२०२ (धाकटी): नमस्कार. सरकाका, नगरसेविका नाही आणि एवढ्यात यूपीएससीही नाही. सहाव्या सेमला प्रोजेक्ट होतं, ग्रामसभा विषय घेतला होता. खानापूर तालुक्यात दोन सभांना बसले. ठराव कन्नडमधून वाचले, बायकांनी माना हलवल्या, अंगठे-सह्या झाल्या. बाहेर आल्यावर विचारलं, "मावशी, काय ठरलं?" एक म्हणाली, "पाण्याचं काहीतरी." ठराव होता रस्त्याचा. मलाही तो दुसऱ्याकडून वाचून घ्यायला लागला, हे खरं सांगते. तेव्हापासून डोक्यात पीडीओच आहे, ग्रामपंचायतीचं काम बघणारा सरकारी अधिकारी.

सर (ए-१): हे इतके दिवस बोलली का नाहीस गं? पंचायत डेव्हलपमेंट ऑफिसरला कुठलीही डिग्री चालते. आणि तू जे पाहिलंस त्यावर घटनेत कलम आहे, ३५०-ब, भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीनं आलं. कागदावर आहे, सभेत कुणी मागत नाही. मागायला कन्नड यायला हवं, हीच तर गंमत आहे.
भरती निघेपर्यंत हातावर हात ठेवून बसू नकोस. राणी चन्नम्मा विद्यापीठातून एम.ए. कर, नाहीतर बेंगळुरूला सार्वजनिक धोरणाचे कोर्स बघ, अझीम प्रेमजी विद्यापीठात आहे, नॅशनल लॉ स्कूललाही आहे. पीआरएस या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची लॅम्प फेलोशिप म्हणून एक आहे, खासदाराबरोबर संसदेचं काम करायला मिळतं, वय २५ पर्यंत चालतं. मास्टर्सला ५५ टक्के पडले तर कॉलेजात शिकवायला लागणारी नेट देता येते, ती देशभर चालते. सेट ही तशीच राज्याची परीक्षा, ती ज्या राज्याची त्याच राज्यात चालते, तिथं गफलत करू नकोस.

बी-२०२ वहिनी: सर, एवढं लिहून ठेवायला वही आणते.

ए-१०४ दादा: आणि पगार?

पुण्याचा: दादा, सात अटेम्प्टवाल्यालाही हाच प्रश्न विचारतात.

ए-१०४ दादा: सहाच असतात म्हणालास ना मघाशी?

पुण्याचा: ओबीसीला नऊ असतात हो.

तळमजला अक्का: माझं मराठी चुकलं तर सांभाळून घ्या. पोरीला माझ्याकडं पाठवा. मी हायस्कूलला कन्नडच शिकवलं. वत्तक्षर मी पंधरा दिवसात बसवते. दुकानवाले भाऊ पण आले तरी चालेल.

सी-३०१ भाऊ: अक्का, माझं वय गेलं.

तळमजला अक्का: परीक्षेचं गेलं. वाचायचं कुठं गेलं? तुमच्या दुकानाचा कन्नड बोर्ड चुकलाय, तीन महिने झाले सांगू का नको म्हणून गप्प आहे.

सी-३०१ भाऊ: 😳 काय चुकलंय?

तळमजला अक्का: खालचा 'ण'.

बी-२०२ (धाकटी): अक्का, उद्या सातला येऊ?

तळमजला अक्का: सातला सीरियल असते. साडेसातला ये. दोनरेघी वही आण, पेन्सिल पण.